एकही डाग राहता कामा नये

सोमवार, ३ ऑक्टोबर

गाडीची किल्ली सापडली! जुलैपासून हरवलेली किल्ली, आणि सापडली कुठे, तर बटणांच्या डब्यात. शर्टाचं वरचं बटण तुटलं होतं. डब्यात बोटं घालून पांढरं बटण चाचपत होतो, तर हाताला गार धातू लागला. मी तिथे किल्ली का ठेवली असेन, देव जाणे. चाळीस वर्षं वर्गात कविता शिकवल्यावर माणूस थोडा विसरभोळा व्हायचाच.

"सरकार! किल्ली!" मी ओरडलो. (सरकार म्हणजे आमची बायको. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी हे नाव पडलं आणि तिने ते हक्काने घेतलं.) ती हात पुसत बाहेर आली. आधी किल्लीकडे पाहिलं, मग डब्याकडे. "अगंबाई. सापडली का," एवढंच म्हणाली. आनंद काही दिसला नाही. दुपारची झोप मोडली असेल.

तडक खाली गेलो. गाडी तीन महिने दारापुढच्या झाडाखाली उभी आहे. झाडाचं नाव मला ठाऊक नाही. कवितांमधली सगळी झाडं ओळखतो, दारातलं तेवढं अनोळखी राहिलं. बावीस वर्षांची, सायीच्या रंगाची आमची गाडी! टपावर हात ठेवला तर चिकटलाच. झाडाचा चीक, पाखरांची कृपा, खाली दारांच्या कडेला डांबराचे थेंब. सुरू मात्र दुसऱ्याच प्रयत्नात झाली. जुनी माणसं आणि जुन्या गाड्या.

आत बसून शेवटची फेरी आठवली. जुलैतली संध्याकाळ, तलावाकडचा रस्ता. कसा अगदी मोकळा होता, चिटपाखरू नाही! सरकार शेजारी. परत येईपर्यंत एक शब्द बोलली नाही, इतकी रमली होती.

लेक तेवीस तारखेला येतेय. तिला आणि सरकारला तलावावर न्यायचं आणि गाडी मी चालवायची. ठरलं.

मंगळवार, ४ ऑक्टोबर

सकाळी बेत जाहीर केला. सरकार नेहमीच्या जागी येऊन थांबली: "आधी डोळे तपासून या."

वर्षभर हेच चाललंय. माझे डोळे उत्तम आहेत. वर्तमानपत्रवाले हल्ली शाई कमी वापरतात आणि या वहीच्या रेघा छापणाऱ्याने कंजूषपणा केलाय, यात माझ्या डोळ्यांचा काय दोष?

"आणि या गाडीतून लेकीला नेणार?" ती म्हणाली. "कोंबड्यांचं खुराडं बरं."

"डाग काढीन की! तेवीसच्या आत आरशासारखी करून दाखवतो."

ती चपला घालून खाली उतरली. गाडीभोवती सावकाश एक चक्कर मारली, मागे डिकीजवळ जरा थांबली आणि हसत परत आली. किती दिवसांनी असं हसताना पाहिलं तिला. (दिसलं नीटसं नाही, उन्हात उभी होती, पण हसणं ऐकू येतं.)

"लावता पैज?" म्हणाली. "लेक आली की ती गाडी तपासेल. एकही डाग दिसला नाही तर खुशाल चालवा, मी डॉक्टरचं नाव काढणार नाही. पण एकही डाग राहता कामा नये. राहिला, तर आधी डॉक्टर, मग गाडी."

"एकसुद्धा?"

"एकसुद्धा."

इतकी सोपी पैज सरकारने आयुष्यात लावली नसेल. मला बिचारीची दया आली.

गुरुवार, ६ ऑक्टोबर

मोहिमेला सुरुवात. बादली, साबण आणि भांडी घासायची तारेची घासणी घेऊन उतरलो. घासणी टेकवणार, इतक्यात शेजारच्या गॅलरीतून आरोळी आली, "मास्तर! हात वर!"

रंगारीबुवा. तीस वर्षं गाड्यांना रंग मारण्यात गेली त्यांची, आता निवृत्त. लुंगी सावरत धावत आले आणि घासणी माझ्या हातातून हिसकावली.

"खून करत होता तुम्ही."

"डाग काढत होतो."

"रंग काढत होता. डाग वर राहिला असता, रंग गेला असता."

मग रीतसर पाठ मिळाला. पाखरांचं वाळलेलं कधी खरवडायचं नाही. त्यावर ओलं फडकं ठेवून दहा मिनिटं गप्प बसायचं. मऊ झालं की अलगद उचलायचं. चिकाला स्पिरिट, तेही कापसाच्या बोळ्याने. डांबराला रॉकेल, आणि मग लगेच साबणाचं पाणी. पुसायचं ते सरळ रेषेत, गोल गोल नाही.

दहा मिनिटं गप्प बसायचं हे फार आवडलं. दहा मिनिटांत मध्यम लांबीच्या दोन कविता मनात म्हणून होतात.

शनिवार, ८ ऑक्टोबर

पुढचं बॉनेट संपलं. काम करता करता चक्क भुजंगप्रयातात दोन ओळी सुचल्या. जेवताना म्हणून दाखवल्या:

निळ्या पाखरांनी दिली ही निशाणी
पुसाया निघालो, हवे फार पाणी

"निळी पाखरं कुठली?" सरकार म्हणाली. "कबुतरं आहेत ती."

"कबुतर वृत्तात बसत नाही."

"गाडीवर बरोबर बसतं!"

तिला काव्य कळत नाही असं मी कधीच म्हटलेलं नाही. तिला ते नको तेवढं कळतं.

मंगळवार, ११ ऑक्टोबर

इथे खरं लिहायला हरकत नाही. आज चूक झाली.

उजव्या दारावर चिकाचा एक हट्टी थेंब होता. स्पिरिटने निम्मा गेला, निम्मा बसून राहिला. मग रंगारीबुवांनी दिलेली पॉलिशची मलई घेऊन चोळू लागलो, आणि ठेका हवा म्हणून नदीची ती मोठी कविता धरली. सातवीला मी ती दरवर्षी शिकवायचो. चौसष्ट ओळी. पहिल्या कडव्यात उगम, मग डोंगर, मग गावं... मी कुठल्या कुठे गेलो. तो जुना वर्ग, खिडकीतून फळ्यावर पडलेलं उन्हाचं चौकोनी पान, मागच्या बाकावर कुजबुज आणि कविता सुरू झाली की ती हळूहळू विरत जाणं. नदी समुद्राला मिळाली तेव्हा भानावर आलो. हात अजून चालूच होता. गोल गोल.

रंगारीबुवांनी तिथे तळवा ठेवला.

"किती वेळ चोळलंत?"

"चौसष्ट ओळी."

"पुढच्या वेळी चार ओळींची घ्या, मास्तर."

"फार वाईट दिसतंय का?"

"छे! बरं झालंय," ते म्हणाले. मलाही ते बरंच दिसलं. तरी यापुढे एका डागाला एकच कडवं, हा नियम केला.

गुरुवार, १३ ऑक्टोबर

आज एक विद्या हाती आली! रंगारीबुवा पातळ प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. "ही हातात चढवा आणि धुतलेल्या पत्र्यावरून हलकेच फिरवा."

फिरवली आणि थक्क झालो. जिथे नुसत्या हाताला गुळगुळीत लागत होतं, तिथे पिशवीतून कण न् कण बोलू लागला. जणू खडूच्या भुकटीवरून हात फिरवतोय. डोळ्यांना न दिसणारं बोटांना दिसतं! मी डोळे मिटून अख्खं डावं दार वाचून काढलं. सव्वीस ठिकाणी कच. सव्वीसही काढले.

आता मी डोळे मिटूनच काम करतो. उघडे ठेवण्यापेक्षा ते कितीतरी सोपं जातं.

सरकार खिडकीत उभी राहून पाहत होती. "छान चाललंय," म्हणाली. आवाज जरा बसल्यासारखा वाटला. हवा बदलतेय.

सोमवार, १७ ऑक्टोबर

संध्याकाळी फिरून आलो. रस्त्यावरच्या दिव्यांना हल्ली फुलं आल्यासारखी दिसतात, प्रत्येकाभोवती सोनेरी पाकळ्या. नवे दिवे बसवलेले दिसतात. सुंदर. येताना फाटकाशी पोस्टमनला नमस्कार केला, तर ते रंगारीबुवा निघाले. पोस्टमनसारखा शर्ट घालायचा कशाला?

बुधवार, १९ ऑक्टोबर

रंगकामाच्या मातीचा प्रयोग. ही एक मऊ वडी असते, कणकेसारखी मळायची. पत्रा साबणाच्या पाण्याने ओला ठेवायचा आणि वडी सरकवत न्यायची. रंगात रुतलेले बारीक कण ती उचलून घेते. टप आज संपला. शेवटी डिकी. पिशवी चढवली, डोळे मिटले, हात फिरवला. लोण्यासारखी!

रंगारीबुवा माझ्या मागे उभे होते. म्हणाले, "मास्तर, खडबडीत असेल ते बोटांना कळतं. पण रंगात नुसतं मुरलेलं असेल ना, ते गुळगुळीतच लागतं. आता हेच बघा, इथे डिकीवर—"

"बुवा!" वरून सरकारचा आवाज. "चहा टाकलाय! लगेच या!"

"दोन मिनिटं, वहिनी, मास्तरांना जरा—"

"लगेच!"

ते वर गेले. मी पंधरा मिनिटांनी गेलो, तर दोघं शाळेत पकडलेल्या पोरांसारखी गप्प. मी विचारलं, "डिकीचं काय म्हणत होता?"

रंगारीबुवांनी कपात पाहिलं. "डिकी... दणकट असायची जुन्या गाड्यांची, असं म्हणत होतो."

खरंच आहे ते.

शनिवार, २२ ऑक्टोबर

संपलं. सतरा दिवसांत एक माणूस, एक पिशवी आणि काही शे ओळी यांनी केलेलं काम. आज शेवटचा हात फिरवताना कुठेही, अगदी कुठेही, बोट अडलं नाही. माझ्या आयुष्यात इतकं शुद्ध लिहिलेलं एकच पान होतं, आणि तेही परीक्षेचं.

सरकारला म्हटलं, "अजून वेळ आहे. पैज मागे घेतेस?"

"नाही," ती म्हणाली. मग माझ्या शर्टाचं वरचं बटण लावत थोडा वेळ तशीच उभी राहिली. मी तिला म्हणालो, उगाच वाईट वाटून घेऊ नकोस, हरण्यातही शोभा असते.

रविवार, २३ ऑक्टोबर

जसं झालं तसं लिहितो.

लेक दहाला आली. चहासुद्धा न घेता तिला खाली नेलं. रंगारीबुवाही आले. ऊन लख्ख होतं. मी पाठीमागे हात बांधून उभा राहिलो, निकालाच्या दिवशी उभा राहायचो तसा.

"बाबा!" ती म्हणाली. "ही आपली गाडी? माझ्या लहानपणी पण एवढी चकाकत नव्हती." बॉनेट झालं, डावी बाजू झाली. उजव्या दाराशी क्षणभर रेंगाळली, पण पुढे गेली. मी सरकारकडे पाहून भुवया उडवल्या.

लेक मागे पोचली आणि थांबली.

"बाबा, हे पान?"

"कुठलं पान?"

"हे. डिकीवर."

झाडच ते, पान पडणारच. मी पुढे झालो आणि हाताने डिकी झटकली. "घे, काढलं. पडलेलं पान डागात धरायचं नाही हं."

लेक तिथेच बघत राहिली. मी आणखी एकदा झटकलं. "गेलं ना?"

तेव्हा लेकीने माझा हात धरला. माझं बोट आपल्या बोटांत घेतलं आणि पत्र्यावर टेकवलं. मग ती ते हळूहळू फिरवू लागली. खालून देठ, वर जाणारी कड, टोक, पलीकडून खाली येणारी कड. मी तिला पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवलं होतं, अगदी तसं. पाच वर्षांची होती तेव्हा. तिचं बोट माझ्या मुठीत मावायचं.

"ओलं पान चिकटून राहिलं असणार," ती म्हणाली. "त्याचा रंग पत्र्यात उतरलाय, बाबा. तपकिरी आहे. शिरासुद्धा दिसतायत."

मला सायीचा रंग दिसत होता. नुसता सायीचा रंग. बोटाखाली लोणी.

"केवढं आहे?" मी विचारलं.

"तुमच्या तळव्याएवढं."

मी सरकारकडे वळलो. जिंकलेल्या माणसाचा चेहरा कसा असतो ते मला ठाऊक आहे. हा तसा नव्हता. अर्थात तोही मला नीट दिसत नव्हता, हे आज पहिल्यांदा लक्षात आलं.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो. "पहिल्याच दिवशी."

"हो."

"आणि पैज लावलीस."

"साधं सांगून ऐकलं असतंत?"

"ही फसवणूक आहे."

"आहे," ती म्हणाली. "बटणांच्या डब्यात किल्ली कुणी ठेवली असं वाटतं तुम्हाला?"

मी कठड्यावर बसलो. ती शेजारी येऊन बसली आणि जुलैतली ती संध्याकाळ तिने मला सांगितली. तलावाच्या वळणावर एक बाई सायकलवर होती, मागे भाजीची टोपली. गाडी तिच्या इतक्या जवळून गेली की ती रस्ता सोडून गवतात उतरली. टोपली उलटी झाली. "मी मागे वळून पाहिलं, उभी राहिली होती ती. तेवढं पाहिलं आणि माझी वाचाच गेली. आणि तुम्ही म्हणालात, रस्ता कसा अगदी मोकळा आहे."

मी ते म्हणालो होतो. या वहीतही लिहिलंय. इतकी रमली होती, असंही लिहिलंय.

रंगारीबुवा हळूच म्हणाले, "व्हिनेगर आणि पाण्याने पाच मिनिटांत जाईल, मास्तर. पुसून टाकू?"

"हात लावायचा नाही," मी म्हणालो.

"अजून मुरेल."

"मुरू दे. मी पाहिल्याशिवाय ते पान पुसायचं नाही."

लेकीला तलावावर सरकारने रिक्षाने नेलं. मीही गेलो. मागच्या सीटवर दोघींच्या मध्ये बसलो होतो. त्या वळणावर रिक्षा हळू झाली. कोण आडवं आलं होतं, मला कळलं नाही.

मंगळवार, २५ ऑक्टोबर

डॉक्टरीणबाई तरुण आहेत आणि स्पष्ट बोलतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलेले. एकेक करून काढायचे.

"गाडी कशी चालवत होता तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"रस्ता पाठ आहे," मी म्हणालो. "कविता पाठ असली की पुस्तक उघडावं लागत नाही."

सरकार माझ्या मागे उभी होती. "रस्ता पाठ असेल," ती म्हणाली. "रस्त्यावरची माणसं कशी पाठ करणार?"



शुक्रवार, ४ नोव्हेंबर

डावा डोळा झाला. पट्टी आहे. सरकार लिहू देत नाही.

रविवार, २० नोव्हेंबर

खाली वाकायची आणि गाडीला हात लावायची परवानगी आज मिळाली.

आधी या वहीबद्दल. रेघा निळ्या आहेत आणि चांगल्या ठसठशीत आहेत. छापणाऱ्याची मी माफी मागतो. मागची पानं चाळली. माझं एकेक अक्षर दोन दोन रेघा ओलांडून बेडकासारखं उड्या मारत गेलंय. चाळीस वर्षं मी पोरांच्या अक्षराला नावं ठेवली!

मग सरकारला घेऊन खाली गेलो. उन्हात गाडी पाहिली आणि हसूच आलं. बॉनेटभर वर्तुळं, कोळ्याच्या जाळ्यासारखी. सरळ रेषा नावालाही नाही. उजव्या दारावर चौसष्ट ओळींचा भला थोरला मंद चंद्र. रंगारीबुवा गॅलरीतून पाहत होते.

"बरं झालंय का हे?" मी दाराकडे बोट दाखवून ओरडलो.

"बरंच झालंय!" ते म्हणाले. "दार तरी राहिलं!"

मग डिकी. उजवा डोळा हाताने झाकला आणि नव्या डोळ्याने पाहिलं.

पान होतं. लेक म्हणाली होती तेवढंच, माझ्या तळव्याएवढं. लांबट, जरासं डावीकडे कललेलं, चहाच्या डागाच्या रंगाचं. मधली शीर सरळ, तिच्यातून फुटलेल्या बाकीच्या शिरा समोरासमोर नाहीत, एकाआड एक. टोकाजवळ किडीने खाल्लेलं एक भोक, तेही उमटलेलं. मान वर करून पाहिलं, तर झाडावर तशीच शेकडो पानं, आणि प्रत्येक वेगळी दिसत होती. मी इतकी वर्षं त्याखाली उभा राहून पाखरं निळी म्हणत होतो.

"रडायचं नाही," सरकार म्हणाली. "डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय."

"रडत नाहीये. वाचतोय."

तिच्याकडेही पाहिलं. कपाळावर दोन सुरकुत्या नव्या आहेत, जुलैनंतरच्या असाव्यात. त्या कशाने जातात ते रंगारीबुवांनाही विचारून उपयोग नाही.

फडकं व्हिनेगरच्या पाण्यात बुडवलं, पानावर ठेवलं आणि दहा मिनिटं आम्ही दोघं कठड्यावर गप्प बसलो. कविता म्हटली नाही. रस्त्यावरून माणसं जात होती, ती पाहत बसलो. एक दूधवाला, दोन शाळकरी मुली आणि लाल सायकलवरची एक बाई. सायकलवाली दिसेनाशी होईपर्यंत पाहिली. मग पुसलं, सरळ रेषेत. तीन वेळा केल्यावर पान गेलं. देठ तेवढा राहिलाय, नखाएवढा. फार मुरलाय.

"आता चालवणार?" सरकारने विचारलं.

"पैज आठवते ना? एकही डाग राहता कामा नये. देठ आहे अजून."

उजवा डोळा पुढच्या महिन्यात. मग देठाचं पाहू, मग डॉक्टरीणबाई काय म्हणतात ते, आणि मग तलाव. त्या वळणावर मी थांबून भोंगा वाजवीन, कुणी असो नसो.

तोवर किल्ली बटणांच्या डब्यात आहे. या वेळी मी स्वतः ठेवलीय, पांढऱ्या बटणांच्या खाली, आणि विसरणार नाही.